पन्ह्याची स्पर्धा आणि कैरीचं झाड

(जालना जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या एका मेळाव्यात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

मला आज ‘बाईचा मालमत्तेतला हक्क’ या विषयावर बोलायला सांगितलंय. सकाळपासून तुम्ही कायद्याची कलमं ऐकताय, आता मागच्या रांगेत डुलक्या सुरू झाल्यात. म्हणून मी कलमांपासून सुरुवात करत नाही, पन्ह्यापासून करते. हसू नका. शेवटी आपण सातबाऱ्यापर्यंतच येणार आहोत, फक्त स्वयंपाकघरातून.

माझं सासर अंबड तालुक्यातलं. आमच्या घरी दर अखितीला पन्ह्याची स्पर्धा होते. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. अखितीला पाण्यानं भरलेली घागर पितरांच्या नावानं पुजायची, पुरण करायचं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींकडे असेल. चैत्रात बसवलेली गौर अखितीला उठते, म्हणून हळदीकुंकवाचाही तो शेवटचा दिवस. लेकी माहेरी येतात. आमच्या घरात चार सुना आणि तीन लेकी. कैरीची डाळ सगळ्यांनी मिळून करायची आणि पन्हं मात्र जिनं तिनं आपापलं. सात तांबे, वर सात फडकी, तांब्यावर खडूनं आकडा. ओसरीवर पंच बसायचे – मामंजी आणि दोन चुलत सासरे. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची. मग आकडा सांगायचा. जिंकलेलीला साडी. पुढं साडीऐवजी स्टीलचा डबा आला, मग पुन्हा साडी.

शेताच्या बांधावर गावरान आंब्याचं एक जुनं झाड आहे. त्याची कैरी आंबट, धाग्याची. रसाला ती कामाची नाही, पन्ह्याला मात्र तिच्यासारखी दुसरी नाही. कुणी ती उकडून घेतं, कुणी चुलीच्या आरात भाजून. साल काढायची, गर हातानं पिळून चाळणीतून काढायचा, वाटीभर गराला दोन वाट्या किसलेला गूळ, कैरी फारच आंबट निघाली तर वर आणखी मूठभर, चिमूटभर मीठ, वेलची. माझ्या मधल्या जाऊबाई भाजलेल्या कैरीचं करतात, त्याला धुराचा थोडासा वास असतो. थोरल्या नणंदबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, भाजलेलं जिरं कुटून घालतात. धाकटी जाऊ शहरात वाढलेली, तिच्या पन्ह्यात साखर आणि केशर. तिच्या तांब्याला मामंजी ‘सरबत’ म्हणायचे.

आपल्या चळवळीतल्या काही जणी म्हणतील की ही असली स्पर्धा म्हणजे बाईला चुलीशी बांधायचा नवा दोर, ती बंदच करा. मला तसं वाटत नाही. वर्षाचे बाकीचे दिवस आपण जे रांधतो त्याला कुणाचं नाव नसतं. भाकरी ‘झाली’, भाजी ‘झाली’. कुणी केली हे विचारायची वेळ फक्त मीठ जास्त पडलं तरच येते. या एका दिवशी आमच्या घरात ‘हे पन्हं अक्काचं’, ‘हे मधलीचं’ असं बोललं जातं. बाईच्या हाताला ओळख मिळते. ही साधी गोष्ट नाही. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घराघरात गेलं, त्यातही हेच झालं. घरातल्या बाईला जे येतं ते तिच्या नावानं छापलं गेलं. तेव्हा स्पर्धा राहू द्या. पण तांब्यावरचं फडकं काढून आत काय काय आहे ते एकदा नीट बघू या.

पन्ह्यात सगळ्यात जास्त असतं पाणी. आणि आपण जालन्याच्या बाया. ‘जालना सोन्याचा पालना’ म्हणतात, पण त्या पाळण्याला पाणी कुणाच्या डोक्यावरून येतं ते आपल्याला माहीत आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या म्हाताऱ्यांनी भोगला. २०१२-१३ चा आपण सगळ्यांनी भोगला. त्या वर्षी आपल्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. पोरांसारखी वाढवलेली झाडं लोकांनी तोडून सरपणाला घातली. त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर होता. टँकर आला की हंडे घेऊन पळायचं ते बायांनी आणि पोरींनी. अखितीला स्पर्धा होणार की नाही असा प्रश्न पडला, तर मामंजी म्हणाले, रीत मोडायची नाही. मग आत्याबाईंनी प्रत्येकीला पाणी मोजून दिलं. कैऱ्या, भांडी, हात धुण्यातच त्यातलं अर्धं गेलं. त्या वर्षी सातही जणींचं पन्हं दाट झालं. ओसरीवर पंचांनी घोट घेतला आणि म्हणाले, ‘वा! पन्हं असावं तर असं.’ दाट का झालं हे कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी विहिरीला पाणी होतं, तरी ‘आपल्या घरचं पन्हं दाटच असतं’ असं ठरून गेलं. टंचाईची घराण्याची चव झाली. पाणी आणणारीची पायपीट कुणाच्या लक्षात राहिली नाही.

दुसरी गोष्ट, हात. सरकारच्या सांख्यिकी खात्यानं लोकांचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली. २०२४ च्या पाहणीत असं दिसलं की घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. या पाच तासांना मजुरी नाही, सुट्टी नाही.

आमच्या घरातल्या पोरी शिकल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘काका, दादा स्पर्धेत का नाहीत?’ झालं, त्या वर्षी घरातले पाच पुरुष स्पर्धेत उतरले. मोठी गंमत झाली. माझ्या एका पुतण्याचा तर पहिला नंबर आला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पण त्याचं पन्हं कसं झालं? कैऱ्या उकडल्या त्याच्या आईनं, गर तिनंच काढला, गूळ किसला बहिणीनं, वेलची कुटली आजीनं. ह्यानं डाव फिरवला. पोरी काही गप्प बसल्या नाहीत. त्यांनी नियम लिहून भिंतीला चिकटवला. कैरी उतरवण्यापासून पेले धुऊन पालथे घालण्यापर्यंत सगळं काम ज्याचं त्यानं करायचं. पुढच्या वर्षी पाचांतला एक पुरुष उरला. तो एक मात्र टिकला आणि आता त्याला खरंच पन्हं येतं. मला विचाराल तर त्या नियमानं जेवढं प्रबोधन झालं तेवढं माझ्या दहा भाषणांनी झालं नसतं.

तिसरी गोष्ट जरा जड आहे. मधल्या जाऊबाईंचं नाव मी मघाशी घेतलं. भाजलेल्या कैरीचं पन्हं आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. माझे दीर गेले तेव्हा त्या पस्तिशीच्याही नव्हत्या. त्या वर्षीपासून त्यांचा तांब्या बंद झाला. कारण काय, तर हेच पन्हं हळदीकुंकवाला वाटायचं. मागच्या पडवीत बसून त्या आमच्या सगळ्यांच्या कैऱ्या भाजून द्यायच्या. त्यांचे हात कैरीला चालत होते, तांब्याला चालत नव्हते. आणि बघा, त्याच दिवशी त्याच घरात त्यांच्या नवऱ्याच्या नावानं घागर भरली जायची. गेलेल्या माणसाला पाणी, आणि जिवंत बाईला पेलाभर पन्ह्याचा मान नाही.

हे मोडलं तेही पोरींनीच. एका वर्षी त्यांनी मधल्या काकूंच्या पन्ह्याचा तांब्या गुपचूप रांगेत ठेवला, वर आकडा घातला. पंचांनी नेमका तोच काढला. फडकं उचललं, नाव सांगितलं, आणि सगळे चिडीचूप. चुलत सासरे पुटपुटायला लागले. तेव्हा आमच्या आत्याबाई, ज्यांनी आयुष्यात एक शिबिर पाहिलं नाही, त्या आतून म्हणाल्या, ‘कैरीला काय कळतंय, कुणाला कुंकू हाय न् कुणाला नाही ते. वाटा आता पन्हं.’ आणि वाटलं. कुणाच्या घरावर वीज पडली नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात १७ तारखेला राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आपल्या मंडळांनी तर त्याच्या कितीतरी आधीपासून विधवा, परित्यक्ता सगळ्यांना घेऊन तिळगूळ केले, शिव्या खाल्ल्या. ठराव झाला ते चांगलंच झालं. पण ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत राहतो आणि मान ठरतो तो माजघरात, पेला कुणाच्या हातात द्यायचा या क्षणी.

आता चौथी गोष्ट, आणि खरी मला हीच सांगायची आहे. कैरी कुणाची?

अक्कानं ही स्पर्धा तीनदा जिंकली. तीन साड्या मिळाल्या. मामंजी गेल्यावर वारसाची नोंद करायची वेळ आली, तेव्हा घरात एक कागद तयार झाला. हक्कसोडपत्र. तिन्ही लेकींनी सही करायची, ‘आम्हाला वडिलांच्या जमिनीत काही नको’. दोघींनी केली. अक्का म्हणाली, ‘मी नाही करत.’ कुणी तरी समजूत घालायला गेलं की, अगं, भाऊ दर अखितीला साडी करतात, माहेर तुटेल. तर ती म्हणाली, ‘साड्या पेटीत आहेत, परत घेऊन जा. मला त्या कैरीच्या झाडाखालची जमीन दाखवा, माझी किती ते.’

बायांनो, त्या दिवशी मला कळलं की तीस वर्षं आम्ही बक्षीस म्हणून काय घेत होतो. पन्हं लेकीचं, झाड भावाचं. हात सुनेचा, सातबारा नवऱ्याचा. चव आमची, आणि चांगलं-वाईट ठरवणारे ओसरीवर. स्पर्धा लावायची ती सून विरुद्ध लेक, नणंद विरुद्ध भावजय. आम्ही सात जणी वेलचीवरून एकमेकींवर कुरघोडी करायचो. आणि ज्या झाडाची कैरी आम्ही सगळ्या पिळत होतो, त्या झाडावर आमच्यापैकी एकीचंही नाव नव्हतं.

इथं एक गोष्ट मी उघड बोलते, कारण ती बोलल्याशिवाय हा विषय पुढं सरकत नाही. अक्काचा हिस्सा निघाला तर माझ्या नवऱ्याचा हिस्सा कमी होतो. म्हणजे माझ्या घरातलं कमी होतं, माझ्या मुलांचं कमी होतं. आपल्यातल्या प्रत्येक सुनेची हीच अडचण आहे. सासरी आपण सून असतो, तिथं नणंदेनं सही करावी असं वाटतं. माहेरी आपण लेक असतो, तिथं आपल्याकडून सही घेतली जाते. एकच बाई एका गावात घेते आणि दुसऱ्या गावात सोडते, आणि दोन्हीकडं जमीन पुरुषाच्याच नावावर राहते. हिशेब करून बघा. नणंदेनं सोडलेलं माझ्या नावावर आलं का? नाही. ते नवऱ्याच्या नावावर गेलं. मग मी कुणासाठी तिच्याशी भांडायचं?

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणी इथं बसल्यात. अंबड, घनसावंगी, मंठ्यातून दरवर्षी किती जोड्या जातात. तिथं नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल नवऱ्याच्या हातात. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, गाडीत चढवते, पण हिशेबात ती अर्धा कोयता असते, तिचं वेगळं नाव नसतं. शेतावर तेच, फडात तेच, पन्ह्यात तेच. काम तिचं आणि नोंद त्याची.

आता कायदा, थोडक्यात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारसा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मुलग्यालाच राहिला. महाराष्ट्रानं १९९४ साली दुरुस्ती करून मुलीलाही तो हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी जिचं लग्न झालं तिला वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राचा दुरुस्ती कायदा आला, त्यात लग्न झालेली-न झालेली हा भेद गेला. तरी ‘वडील २००५ च्या आधीच वारले’ म्हणून मुलींना अडवलं जायचं. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात निकाल दिला, की मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणी होऊन किंवा कोर्टाच्या हुकमानं वाटणी झाली असेल, तर ती मोडता येत नाही. बौद्ध भगिनींनाही हाच कायदा लागू आहे. मुस्लिम भगिनींचा कायदा वेगळा, त्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे, आणि तोसुद्धा पुष्कळदा हातात पडत नाही.

आणि मधल्या जाऊबाईंसारख्या बायांसाठी एक गोष्ट. सासऱ्याच्या आधी नवरा वारला असेल तर त्याची विधवा ही सासऱ्याची पहिल्या वर्गातली वारस असते. ‘तिचा नवराच गेला, तिचं आता इथं काय’ हे वाक्य कायद्यात नाही, ते फक्त ओसरीवर आहे.

लक्ष्मीमुक्तीची आठवण आपल्यातल्या जुन्या बायांना असेल. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं. त्यातून पुढं शेतकऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची मोहीम निघाली. १९९२ साली सरकारनंही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी आदेश काढला. तेव्हा गावंच्या गावं पुढं आली होती. म्हणजे हे होऊ शकतं, आपल्या भागातले पुरुषही करू शकतात, हे आपण पाहिलेलं आहे.

आमच्या घरी पुढं काय झालं? सही केली नाही म्हणून अक्काला दोन अखित्या बोलावणं गेलं नाही. दोन वर्षं पन्हं झालं, पण सगळ्यांच्या घशाखाली उतरताना अडकलं. तिसऱ्या वर्षी आम्ही चौघी सुनांनी ठरवलं, की अक्का नाही तर तांबे नाहीत. कैऱ्या झाडावर राहू द्या. मधल्या जाऊबाई सगळ्यांत पुढं होत्या. घरात चार दिवस अबोला झाला. माझ्या नवऱ्यानं मला विचारलं, ‘तू कुणाच्या बाजूची?’ मी म्हटलं, ‘मीही कुणाची तरी बहीण आहे.’ शेवटी धाकटे दीर गाडी घेऊन अक्काला आणायला गेले. त्यानंतर वारसाची नोंद सुधारायला दिली. आत्याबाई, अक्का आणि मधल्या जाऊबाई, तिघींची नावं भावांच्या बरोबरीनं लागली. वाटणी अजून झालेली नाही. मोजणी व्हायची आहे, झाड कुणाच्या वाट्याला येईल यावर अजून वाद आहेत, आणि ज्या दोघींनी सही करून दिली त्यांना आता वाईट वाटतंय. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पण ओसरीवर आता पंच बसत नाहीत. ज्या करतात त्याच चाखतात आणि त्याच ठरवतात.

तर मैत्रिणींनो, येत्या चैत्रात तुमच्या मंडळात, तुमच्या घरात हळदीकुंकू होईल, पन्हं होईल. स्पर्धा ठेवा, जरूर ठेवा. फक्त चार गोष्टी करा. विधवा, टाकलेली, बिनलग्नाची, कुठल्याही जातीची, भांडी घासायला येणारी, सगळ्यांचा तांब्या एका रांगेत आणि सगळ्यांना सारखे पेले. पुरुष उतरले तर पेले धुण्यापर्यंत त्यांनाच करू द्या. बक्षीस साडीचं देऊ नका, जिंकलेलीच्या माहेरचा आणि सासरचा सातबारा काढून द्या. सही-शिक्क्याचा डिजिटल उतारा पंधरा रुपयांत निघतो, साडीपेक्षा स्वस्त आहे. आणि चौथी गोष्ट, कुणी हक्कसोडपत्राचा कागद पुढं केला तर तिथल्या तिथं सही करू नका. ‘घरी नेऊन वाचते’ म्हणा. हक्कसोड नोंदणी झाल्याशिवाय पक्की होत नाही, म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात चला म्हणाले, तर तिथं पाय ठेवायच्या आधी मंडळात या. फेरफाराची नोटीस आली तर ती माठाखाली ठेवू नका. तिला मुदत असते, मुदतीत सज्जाच्या कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

वाचता येत नसेल तर उतारा घेऊन इथं या. आपल्याकडं दर महिन्याच्या बैठकीत कायद्याचं बघणाऱ्या बाया असतात. आपण मिळून वाचू. कुणाचं नाव आहे, कुणाचं राहिलंय, ते बोट ठेवून बघू. येताना कैऱ्या आणल्यात तर पन्हंही करू.